चौदाव्या पानावरचं वाक्य

फोटोत पान थोडं आणि अंगठाच जास्त होता. नख काळं पडलेला, कडांमध्ये ग्रीस मुरलेला एक रुंद अंगठा, आणि त्यानं दाबून धरलेलं चौदावं पान. सारिकानं फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला, पण नजर काही अक्षरांवर ठरेना. अक्षरांचं तिला नवल नव्हतं. ती तिचीच होती, दोन वर्षं घासूनपुसून लावलेली. पण आपलं पुस्तक कुणाच्या तरी हातात असतं, त्या हाताला अंगठा असतो, आणि त्या अंगठ्याचं नख कधीतरी कशाखाली तरी सापडून काळं पडलेलं असतं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं; धुळ्यात, देवपुरातल्या घरी, सकाळी साडेदहाला, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडल्यावर. फोटो पुण्याहून ललितनं पुढे पाठवला होता. ललित तिचा कंपनीतला वरिष्ठ; यंत्रांच्या प्रोग्रॅमची मराठी माहितीपुस्तकं तिथे सारिका लिहायची. माणूस वाईट नाही, फक्त जगातलं सगळं दोन ओळींत मिटावं अशी त्याची देवाकडे कायमची मागणी असते. वर त्यानं लिहिलं होतं, 'हे बघून घे. उत्तर सोपं आहे, पान एकसष्ट. दोन ओळींत मिटव.'

खाली मूळ पत्र होतं, 'आदरणीय पुस्तककर्ते साहेब' अशा सुरुवातीचं. लिहिणारा हितेंद्र नावाचा माणूस, एरंडोलकडचा; जळगावजवळ केळी पिकवायच्या थंड खोल्या असतात, तिथली यंत्रं सांभाळणारा. तीन नंबरच्या खोलीचा तापमानाचा आकडा उड्या मारत होता, म्हणून पुस्तकात सांगितलंय तसा त्यानं चालू यंत्राला डीबगर जोडला आणि स्क्रीनसमोर बसून राहिला. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. दर अर्ध्या तासानं वहीत आकडा लिहीत होता. साडेसोळा, साडेसोळा, साडेसोळा, अशा तेरा नोंदी. 'आकडा जरासुद्धा हलला नाही म्हणून मी समाधानी होतो,' असं त्यानं लिहिलं होतं. तीन वाजता खोलीच्या दारातून वास यायला लागला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आत यंत्र चालवणारा प्रोग्रॅम थांबलेला, थंडी बंद, हवा बंद; दार उघडलं तेव्हा खोलीभर केळी उकडल्यासारखी झाली होती. 'यात चूक माझीच आहे. पुस्तकाबद्दल तक्रार नाही, पुस्तक फार चांगलं आहे. फक्त एवढंच विचारायचं होतं की, डीबगर जोडल्यावर प्रोग्रॅम थांबतो असं पुस्तकात कुठे असेल तर पान नंबर कळवावा. कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत मालकांनी मला घरी बसायला सांगितलं आहे. पुस्तकात तसं लिहिलेलं असेल तर मात्र यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. आपला वाचक.'

डीबगर म्हणजे काय हे सारिकाच्या आईला, भिकुबाईला, कधी नीट कळलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. सारिकानं एकदा सांगून पाहिलं होतं. चालत्या प्रोग्रॅममध्ये घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं हत्यार. प्रोग्रॅमला मध्येच अडवायचं, त्याच्या पोटात कुठला आकडा कुठे आहे ते बघायचं, एकेक पाऊल पुढे चालवायचं, पुन्हा बघायचं. म्हणजे तू डॉक्टरीण झालीस म्हण की, असं भिकुबाई म्हणाली होती. सारिका डॉक्टरीण नव्हती, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी लिहिणारी होती. पण चिठ्ठीवरही माणसं जगतात, आणि तिला तिच्या चिठ्ठ्यांचा अभिमान होता. डीबगरचं इंग्रजी पुस्तक तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. तिथे प्रोग्रॅम सरळ मरतात. त्यांना मारायच्या आज्ञा असतात. मेलेल्याची पोरं अनाथ होतात, आणि कुणी दखल घेतली नाही तर भुतं होऊन राहतात. हे सगळं शहाणीसुरती, पगारदार माणसं चहा पिता पिता बोलतात. सारिकानं त्यातलं एकही मढं मराठीत येऊ दिलं नाही. मारा, ठार करा याच्या जागी तिनं बंद करा लिहिलं; मेलेल्याच्या जागी काम संपलेला. प्रोग्रॅम जिथे अडवायचा त्या जागेला जुन्या शब्दावलीत एक जडजंबाल शब्द होता, तो महिनाभर तोंडात घोळवून तिनं थुंकून टाकला आणि 'थांबा' म्हटलं, एसटीचा असतो तसा. एक शब्द सापडला की दिवसभर तिचं पाऊल हलकं पडायचं. पांझरेच्या पुलावरून रिक्षानं जातानाही ती तोच मनात म्हणत असायची. तुझ्या पुस्तकात कुणी मरतच नाही गं, असं ललित हसून म्हणायचा. तिला ते कौतुक वाटायचं.

आणि पान एकसष्ट. तिनं ते उघडलं. पुस्तक त्रेसष्ट पानांचं, त्यामुळे एकसष्टावं पान म्हणजे गावाबाहेरचं शेवटचं घर. 'अधिक माहिती' अशा मथळ्याखाली सातव्या क्रमांकाला ते वाक्य होतं: 'चालू प्रोग्रॅमला डीबगर जोडताक्षणी प्रोग्रॅम थांबतो. पुढे चालवा अशी आज्ञा मिळेपर्यंत तो कोणतंही काम करत नाही.' बिनचूक वाक्य. त्यात एक शब्द काढायला नाही की घालायला नाही. पहिल्या मसुद्यात ते चौदाव्या पानावरच होतं, लाल चौकटीत. मग धुळ्यातल्या एका सभागृहात तिनं दहाबारा मेकॅनिक जमवून त्यांना पुस्तक वाचायला दिलं होतं, कुठे अडखळतात ते पाहायला. त्यात एक साठीला आलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले गृहस्थ होते. तेरा पानं ते ओठ हलवत, बोट फिरवत छान वाचत आले. चौदाव्यावर लाल चौकट दिसली, त्यांनी ती वाचली आणि पुस्तक हलक्या हातानं मिटून टेबलावर ठेवलं. नको ताई, म्हणाले, चालतं यंत्र आपल्या हातून थांबायला नको. ते उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत बसले, चहाही घेतला. पण पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं नाही. ते मिटलेलं पुस्तक सारिकाच्या डोळ्यांपुढून आठवडाभर हललं नाही. आठव्या दिवशी तिनं वाक्य उचलून एकसष्टाव्या पानावर ठेवलं आणि चौदाव्यावर लिहिलं, 'चालू प्रोग्रॅमलाही डीबगर निर्धास्तपणे जोडता येतो.' निर्धास्तपणे हा शब्द तिला त्या दिवशी इतका आवडला होता की तिनं तो आईला वाचून दाखवला होता.

तिनं ललितला फोन केला. वाक्य मी हलवलंय, म्हणाली, ते चौदावर हवं होतं. ललित समजुतीच्या सुरात बोलायला लागला. वाक्य पुस्तकात आहे की नाही? आहे. मग आपण खोटं काही बोलत नाही. चूक आपली असं लेखी दिलं की उद्या आणखी दहा जण उभे राहतील, आणि मग वरची माणसं एकच विचारतील, इंग्रजीचं ठीक चाललंय तर मराठीची कटकट हवी कशाला? पुस्तक साइटवरून काढून टाकतील, सारिका. दोन वर्षं तुझी आहेत, माझी नाहीत. हे तो धमकी म्हणून सांगत नव्हता, तिला सांभाळून घेत होता, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर रागावताही येईना. फोन ठेवून तिनं दोन ओळी लिहिल्या: 'आपण विचारलेली माहिती पुस्तकात पान क्र. ६१ वर दिलेली आहे. कृपया पाहावे.' वाचून पाहिल्या. प्रत्येक शब्द खरा होता. अंगठ्याचा फोटो बाजूच्या खिडकीत तसाच उघडा होता, आणि त्या दोन खऱ्या ओळी त्या माणसाला कायमच्या घरी बसवणार होत्या.

दुपार तापली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सारिका खिडकीचे पडदे ओढून पुन्हा टेबलाशी येऊन बसली, आणि का कोण जाणे, तिच्या नाकात ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचा वास आला. भडगावचा, उन्हाळ्यातला, बिबड्यांचा. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड; अंगणात खाटेवर लुगडं अंथरून ओल्या हातानं थापायचे आणि उन्हाला सोडून द्यायचे. ती बारा वर्षांची होती. वडिलांचं, रुपचंद नानांचं, एसटी स्टँडाजवळ फोनचं खोकं होतं, आणि निम्मं भडगाव आपल्या पाहुण्यारावळ्यांना तोच नंबर देऊन मोकळं झालं होतं. सुरतेहून, नाशकाहून फोन यायचे आणि निरोप घेऊन पळायची सारिका. त्या कामाला नानांनी तिला एक रीत घालून दिली होती. कुणी गेलं असलं तर गेलं म्हणायचं नाही. तब्येत जास्त आहे, लवकर निघा, एवढंच. सगळीकडे तीच रीत. ऐकणाऱ्याला खरं कळतच असे, पण प्रवासभर आशेला धरायला एक कड राहायची. पण नानांचा त्याला एक पुरवणी नियम होता, तो ते पुन्हा पुन्हा सांगायचे: "बातमी दपाडी तरी चाली पोरी, घाई दपाडानी नही." बातमी लपवली तर चालेल, घाई लपवायची नाही. बातमी काय, आज ना उद्या माणूस डोळ्यांनी पाहतोच; पण पाय कधी उचलायचा ते त्याला आत्ताच कळायला हवं.

त्या दिवशी फोन सुरतेहून होता. मागच्या गल्लीतल्या बेबाबाईचा नवरा पुना तिकडे लूमवर कामाला होता. तो दवाखान्यात आहे, रात्र काढेल असं दिसत नाही, सारखा बायकोचं नाव घेतोय, लगेच निघायला सांगा, असं पलीकडचा माणूस ओरडून सांगत होता. नाना तालुक्याच्या कचेरीत गेले होते, फोन सारिकानंच घेतला. ती पळत गेली. बेबा अक्का खाटेपाशी वाकून बिबड्या थापत होती. पातेलं अजून निम्मं भरलेलं, हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि ती काहीतरी गुणगुणत होती. सारिकाला पाहून तिनं पातेल्याच्या कडेचं खरवडून मूठभर कोमट पीठ तिच्या हातावर ठेवलं. जिरं, लसूण, तिखट. त्याची चव सारिकाला आजही येते. त्या चवीनं तोंड भरलेलं असताना सगळं ठरलं. ही बाई आत्ता गुणगुणते आहे, आणि मी बोलले की गुणगुणणं थांबेल, एवढंच तिला दिसत होतं. ती म्हणाली, "काकासनी तब्येत जराशी बरी नही. सवडमा निंघा." सवडीनं. हा शब्द तिला कुणी दिला नव्हता, तिचा तिनंच निवडला होता. बेबाबाईनं पातेलं संपवलं, बिबड्या उलटल्या, पोरांना बहिणीकडे पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेली. पुना आदल्या दिवशी दिवेलागणीलाच गेला होता.

पुढे कधीतरी बेबाबाईनंच तिला जवळ ओढून म्हटलं होतं, तुन्हं काय चुकनं वं पोरी, तुले जे सांगं ते तू सांगं. तुला सांगितलं तेच तू सांगितलंस. सारिकानं हो अशी मान हलवली. तो होकार सत्तावीस वर्षं तिच्या मानेत तसाच होता. ती शिकली, पुण्याला गेली, नाना वारल्यावर आईसाठी नोकरी पाठीवर टाकून धुळ्यात आली. मधल्या काळात बेबाबाई म्हातारी झाली आणि वारलीसुद्धा. सांगायचं राहिलं म्हणावं तर तसंही नव्हतं. प्रत्येक दिवाळीला भडगावला गेलं की ती बेबाबाईच्या दारापर्यंत जाऊन, शेव-चकलीचा डबा देऊन, तब्येत विचारून परत यायची. शब्द हुडकायची. सापडायचे ते सगळे मऊ असायचे.

आईनं ताट वाढून हाक मारली, दोनदा मारली, मग स्वतःच येऊन समोर बसली. सारिकानं तिला कधी न सांगितलेलं त्या दुपारी सांगितलं, आधी केळ्यांचं आणि मग बिबड्यांचं. बोलता बोलता तिला वाटलं आई दचकेल, निदान हातातला पंखा थांबेल. भिकुबाई वारा घेत राहिली.

"तिले बठ्ठं माहीत व्हतं," ती म्हणाली. "सुरतवाला मानूसनी सांगं तिले, मी तं लगेच निंघा म्हनेल व्हतं म्हनीसन. ती मन्हाकडे उनी. म्हने, पोरले कळू देवानं नही भिकुबाई, बारा वरीसनी पोर शे, जलमभर मनले लाई लेई."

म्हणजे बेबा अक्काला सगळं माहीत होतं, आणि पोरीला कळू देऊ नकोस असं तीच येऊन सांगून गेली होती. सारिकानं विचारलं, मग तू मला का नाही सांगितलंस? भिकुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की यात विचारण्यासारखं काय आहे. वचन दिलं होतं म्हणाली, आणि जेवण निवतंय म्हणाली. सारिका जेवली. घास घशाखाली उतरत होते, डोळे वाहत होते, आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक चाललं होतं. बेबाबाईनं तिची चूक स्वतःच्या पदरात बांधून घेतली होती, केवढ्या मायेनं. आणि त्या मायेनंच तिला सत्तावीस वर्षं त्या दाराशी एकटं उभं ठेवलं होतं. तुझं चुकलं, असं अक्का एकदा म्हणाली असती तर हो चुकलं म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडता आलं असतं. आता एरंडोलकडचा एक माणूस 'चूक माझीच आहे' असं लिहून पुन्हा तेच करायला निघाला होता. हे मात्र सारिकाला होऊ द्यायचं नव्हतं.

ती पत्र लिहायला बसली तेव्हा तिला कळलं की आपल्या हाताला सवय किती वाईट लागली आहे. 'ते वाक्य चौदाव्या पानावर असायला हवं होतं.' कुणी ठेवायला हवं होतं? खोडलं. 'पुस्तक तयार करताना ते वाक्य मागे गेलं.' वाक्याला काय पाय फुटले होते? खोडलं. 'वाचकांच्या सोयीचा विचार करून' अशी एक सुरुवात तिनं तीनदा केली आणि तीनदा खोडली, कारण ते खरं असलं तरी हितेंद्रच्या कामाचं नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला पत्र झालं, पाच ओळींचं. 'डीबगर जोडताक्षणी प्रोग्रॅम थांबतो. हे चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं. तिथून ते मी काढलं आणि शेवटी टाकलं. त्या जागी निर्धास्तपणे जोडा असं लिहिलं, ते चूक आहे. हितेंद्र यांनी पुस्तकात सांगितलं तेच आणि तसंच केलं.' तिनं ते ललितला वाचून दाखवलं. लेटरहेड मिळणार नाही, तो म्हणाला. कंपनीचं नाव घालू नकोस. आणि पुस्तकाचं मी आता काही सांगू शकत नाही, बहुतेक जाईल. ठीक आहे, असं म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. फोन ठेवण्याआधी ललित म्हणाला की उन्हात जाऊ नकोस, मेल कर. तिनं हो म्हटलं आणि सकाळी सातच्या जळगाव गाडीत जाऊन बसली.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. पत्र पर्समध्ये होतं आणि ती दर थोड्या वेळानं पर्स चाचपत होती. केळी पिकवायची ती जागा जळगावच्या बाहेर, महामार्गाला लागून होती. पत्र्याची लांब शेड, आत ओळीनं सहा जाड दारं, आणि सगळीकडे पिकल्या केळ्यांचा गोडसर वास. मालक निर्मलकुमार पन्नाशीचे होते, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. कोण आलंय हे कळल्यावर त्यांनी आधी पाणी मागवलं आणि मग हितेंद्रला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत ते मालाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. धुळ्यात पाणी किती दिवसांनी येतं ते विचारत राहिले. हितेंद्र मोटारसायकलवरून आला. खांद्याला रेक्झिनची भली मोठी पिशवी. 'पुस्तककर्ते साहेब' बाई आहेत हे पाहून तो दारातच थबकला, मग चप्पल काढून आत आला आणि खुर्चीत न बसता भिंतीशी उभा राहिला. अंगठा तिनं ओळखला.

निर्मलकुमारांनी पत्र एकदा वाचलं, मग चष्मा खाली घेऊन परत वाचलं. "शिक्का नाही, लेटरहेड नाही," ते म्हणाले.

मिळालं नाही, असं सारिकानं सांगितलं. हे माझं पत्र आहे, कंपनीचं नाही.

"वाक्य का काढलंत?"

"वाचणारा घाबरू नये म्हणून."

"घाबरायला पाहिजे तिथे माणसाला घाबरू द्यावं," निर्मलकुमार म्हणाले. आवाज चढला नाही, पण सारिकाचे कान तापले. ती हो म्हणाली. तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला हितेंद्र बोलला. पुस्तकात आहे साहेब, एकसष्टाव्या पानावर आहे, मला काल सापडलं, मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं; चूक माझीच धरा. सारिकानं वळून पाहिलं. सहा दिवस घरी बसलेला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्धचं पान शोधून घेऊन आला होता. ती उठून त्याच्यासमोर गेली. पुण्याची मराठी गळून पडली आणि तोंडात भडगाव आलं.

"नही भाऊ," ती म्हणाली. "चूक मन्ही शे. तुमी ती लेवानी नही."

हितेंद्र तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बोली ऐकून त्याचा चेहरा सैल पडला आणि मग त्याच्या मनात खरं काय होतं ते बाहेर आलं. "पन ताई, पुस्तकमा चूक शे असं लिखी देतीन तं कंपनी पुस्तक बंद करी टाकी. मन्हं काय, मी दुसरीकडे वायरिंग करसू. आमना धंदानं आमनी भाषामा ते एकच पुस्तक शे. ते बंद व्हई का?"

तिच्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. बघू. प्रयत्न करते. असं लगेच काही होत नसतं. सगळी तोंडाशी येऊन उभी राहिली, एकापेक्षा एक मऊ. "बहुतेक व्हई," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली. तिनं त्याला ती खाली घालू दिली.

निर्मलकुमारांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. शिक्का कुणीही मारतं, म्हणाले, जेठाच्या उन्हात एसटीनं कोण येतं. मग हितेंद्रकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून ये. तीन नंबरचं अजून तसंच आहे." आणि मालाच्या गाडीपाशी कुणीतरी बोलावलं म्हणून उठून गेले. हितेंद्रनं उपरण्यानं तोंड पुसलं, डोळे जरा जास्त वेळ पुसले. मग खाली बसून त्यानं रेक्झिनची पिशवी उघडली. आत पुस्तकं होती. सारिकाचंच पुस्तक, झेरॉक्स केलेलं, स्पायरल घातलेलं, आठ प्रती. सावदा, फैजपूर, रावेर, जिथे जिथे अशा खोल्या आहेत तिथल्या मेकॅनिकांना त्यानंच त्या काढून दिल्या होत्या. केळी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो मोटारसायकलवर गावोगाव फिरून त्या गोळा करत होता. दुसऱ्या कुणाच्या हातून तसंच व्हायला नको. पण गोळा करून त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना. काय दुरुस्ती लिहायची, कुठल्या शब्दांत, म्हणून त्यानं पान नंबर विचारायला ते पत्र लिहिलं होतं. कंपनीवाला काढी टाको, तो म्हणाला, ह्या आठ तं काढाव नहीत.

सारिका जमिनीवरच मांडी घालून बसली. त्यानं पहिली प्रत चौदाव्या पानावर उघडून पुढे सरकवली, खिशातलं पेन दिलं. तिनं 'निर्धास्तपणे'वर रेघ मारली, दोनदा मारली, आणि वर समासात लिहिलं, डीबगर जोडताक्षणी प्रोग्रॅम थांबतो, पुढे चालवा म्हणेपर्यंत काहीच काम करत नाही. हितेंद्रनं वाकून वाचलं. बरोबर आहे, म्हणाला, पण पुरत नाही. काय हवं, असं तिनं विचारलं. तो थोडा विचार करून, सांगू की नको असं करत म्हणाला, "आकडा हालत नही म्हनीसन खूश व्हवानं नही. हाई लिखा." दोन वर्षांत हे वाक्य तिला सुचलं नव्हतं, सुचणारही नव्हतं, त्याला तेरा वेळा साडेसोळा लिहावं लागलं होतं. तिनं लिहिलं: 'आकडा हलत नाही म्हणून खूश होऊ नका.' आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरांत एक शब्द येतो, त्याचा अर्थ थांबलेला, हेही तिनं कधी सांगितलं नव्हतं, तेही लिहिलं. मग दुसरी प्रत, तिसरी. काही प्रतींत चौदाव्या पानावर तेलाचे डाग होते, एकीत कुणीतरी फोन नंबर टिपून ठेवला होता, एकीत अवघड शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढून बाजूला स्वतःच्या बोलीतला शब्द लिहिला होता, आणि तो तिच्या शब्दापेक्षा सरस होता. हितेंद्र शाई वाळेपर्यंत प्रत धरून ठेवायचा आणि वाळली की बाजूला रचायचा. बारा वाजले, साडेबारा वाजले, धुळ्याची गाडी गेली असणार. दोघांपैकी कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. आठवी झाली. तिनं पेन परत केलं तर त्यानं ते घेतलं नाही.

"खाले नाव लिखा ना ताई," तो म्हणाला. "लोके इचारतीन, हाई कोनी सांगं."

अशा पुस्तकांवर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. कंपनीचं असतं, आवृत्तीचा आकडा असतो. बारा वर्षांत तिनं चौदा पुस्तकं लिहिली होती आणि कुणाला दाखवायला त्यात तिचं स्वतःचं असं एक अक्षर नव्हतं. तिनं आठव्या प्रतीत, दुरुस्तीच्या खाली, शाळेत लिहीत असे तसं पूर्ण नाव लिहिलं, सारिका रुपचंद बडगुजर. नजर ठरेपर्यंत बघितलं. मग हात पुढे करून त्याच्याकडून आधीच्या सातही प्रती परत मागून घेतल्या.